साठ अंशांचं पाणी

माझी मुलगी त्या शनिवारी मुनिरकाहून घरी आली ती बोटांच्या बेचक्या खाजवतच. डिसेंबर संपत आला होता. तिने पाठीवरची सॅक खाली टाकली, मोजे काढले आणि घोटे खाजवायला लागली.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही यार आई, थंडीने ड्राय झालंय."

पण चहा पिताना तिचा एक हात कपाला आणि दुसरा मनगटाला होता. मी न विचारता तिची बाही वर सरकवली. मनगटाच्या आतल्या बाजूला बारीक लाल पुटकुळ्या होत्या, काही खाजवून फोडलेल्या.

बाबा समोर पेपर वाचत बसले होते. त्यांनी चष्म्यावरून एकदा बघितलं आणि म्हणाले, "खरूज दिसते."

"खरूज म्हणजे?" मुलीने विचारलं. ती दिल्लीत जन्मलेली, दिल्लीत वाढलेली. असे शब्द तिच्यापर्यंत पोचलेच नाहीत.

"खुजली," मी म्हटलं.

"खुजली तर आहेच. पण खरूज म्हणजे काय, आजोबा?"

बाबांनी पेपर पुन्हा तोंडासमोर धरला.

गुडगावच्या त्या सातव्या मजल्यावरच्या घरात तेव्हा बाबा आणि मी दोघंच असायचो. नवरा वर्षभरासाठी कामानिमित्त चेन्नईला गेला होता. मुलगी एम.एस्सी. करत होती आणि आणखी दोन मुलींबरोबर दिल्लीतल्या मुनिरकात खोली घेऊन राहत होती. ती शनिवारी येई आणि रविवारी संध्याकाळी जाई. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले. माझं सगळं लहानपण त्यांच्या आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये गेलं. आई गेल्यावर ते माझ्याकडे आले आणि पाहुण्यासारखे राहू लागले. पाणीसुद्धा मागून घ्यायचे नाहीत, स्वतः उठायचे. त्या सप्टेंबरात त्यांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं होतं. अकरा दिवस हॉस्पिटलमध्ये राहून आल्यापासून तर ते आणखीच जपून वागत होते, आपला भार कुणावर पडू नये म्हणून.

सोमवारी मी कामावर दांडी मारून मुलीला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी भिंगातून एकदाच बघितलं. "स्केबीज. घरात किती माणसं? सगळ्यांनी एकाच दिवशी क्रीम लावायचं, खाज असो वा नसो. गळ्यापासून पायाच्या तळव्यांपर्यंत, एक इंचही सोडायचा नाही. आठवड्याने पुन्हा. आणि कपडे, चादरी, टॉवेल, सगळं गरम पाण्यात धुवायचं. मशीन आहे ना? साठ डिग्रीवर लावा."

"आणि जे गरम पाण्यात धुता येत नाही ते?"

"पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवा. माणसाचं अंग मिळालं नाही की किडे मरतात."

किडे हा शब्द ऐकून माझं सगळं अंग शहारलं. गाडीत बसल्याबरोबर माझ्या मानेला खाज सुटली.

मी मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी विभागात काम करते. एखादा भाग सदोष निघाला की 'का' असं पाच वेळा विचारत मुळापर्यंत जायचं, हे माझं रोजचं काम. तोच उत्साह मी घरात आणला. तीन याद्या केल्या. स्वेटर, शाली, रजया काळ्या पिशव्यांत बांधून बाल्कनीत रचल्या. सोफ्याची कव्हरं काढली. बाबांच्या हातात क्रीमची ट्यूब दिली आणि म्हटलं, "गळ्यापासून खाली सगळीकडे लावायचं बरं का." ते "हो, हो" म्हणाले आणि खोलीचं दार लोटून घेतलं. मशीनची कळ पहिल्यांदाच साठवर फिरवली. नऊ वर्षांत ती तिथे कधी गेलीच नव्हती. आमचे कपडे नेहमी थंड पाण्यातच निघत. कामवाल्या बाईंना सांगितलं, "आठ दिवस सुट्टी घ्या, घरात व्हायरल आहे." त्यांनी माझ्याकडे आणि मग बाल्कनीतल्या काळ्या पिशव्यांकडे बघितलं आणि गेल्या.

दोन आठवडे बरे गेले, नाही असं नाही. मुलीच्या पुटकुळ्या सुकल्या. नवऱ्याला फोनवर मी म्हटलं, "संपलं एकदाचं." तो म्हणाला, "मलाही कालपासून खाजतंय." मी म्हटलं, "तुला ऐकून खाजतंय."

मग जानेवारीच्या मध्यावर एका मीटिंगमध्ये माझ्या कमरेला, बरोबर पट्ट्याच्या रेषेवर, कंड सुटला. समोर पडद्यावर कुणीतरी आलेख दाखवत होतं आणि मला टेबलाखाली हात नेऊन खाजवल्याशिवाय बसवेना. नंतर बोटांच्या बेचक्यांत. कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईंपासून मी अंग चोरून बसायला लागले. उभं राहिलं की बसावंसं वाटे, बसलं की उठावंसं. कुणाशी हात मिळवायची वेळ आली की मी नमस्कार करी. काही दिवसांनी लोकांना वाटायला लागलं की ही अलीकडे फार संस्कारी झाली.

शनिवारी मुलगी आली तर तिच्याही मनगटावर पुन्हा तेच.

मी तिला धड बसूही दिलं नाही. "तुझ्या त्या खोलीवरून येतंय हे सगळं. तिघी जणी एका खोलीत, गाद्या कुठून आणल्यात त्या? कबाड्याकडून ना? चादर कधी बदलता? मी इथे मरमर धुतेय आणि तू दर आठवड्याला नवीन घेऊन येतेस."

"आम्ही सगळ्यांनी ट्रीटमेंट घेतलीय, आई. त्या दोघींना काहीच झालं नव्हतं तरी त्यांनी लावलं. माझ्यामुळे."

"मग परत कसं आलं?"

"मला काय माहीत? तुझ्याकडून आलं असेल."

"माझ्याकडून? आजवर या घरात असलं काही शिरलं नाही. जाऊन बघ तुझी खोली जरा, डुकराचं—" मी थांबले, पण जेवढं बोलायचं तेवढं बोलून झालं होतं.

ती उभीच राहिली. "म्हणजे मी घाणेरडी आहे असं म्हणायचंय तुला."

बाबा त्यांच्या खोलीच्या दारात आले होते. ते काहीतरी बोलणार असं वाटलं. पण त्यांनी फक्त चौकटीला पाठ टेकवली आणि उभे राहिले. मुलीने सॅक उचलली. धुवायला आणलेले कपडे तिने बाहेरही काढले नव्हते. "मेट्रो मिळेल मला अजून," म्हणाली आणि गेली. मी हाक मारली नाही.

रविवारी सकाळी धुकं इतकं होतं की समोरचा टॉवर दिसत नव्हता. मी पुन्हा सगळ्या चादरी काढल्या, मशीन साठवर लावलं आणि दुसरं काही सुचेना म्हणून त्याच्यासमोर स्टुलावर बसले. कपडे गरगर फिरत होते. अर्धा तास झाला, चाळीस मिनिटं झाली. कंटाळून मी दाराच्या काचेला हात टेकवला आणि तसाच ठेवला.

काच गार होती. बाहेरच्या जानेवारीइतकी गार.

मशीन बंद करून, पाणी काढून टाकून मी दार उघडलं आणि चादरीत हात घातला. बोटं बधिर झाली. म्हणजे गेले चार आठवडे मी नळाच्या थंड पाण्यात सगळं घुसळत होते आणि साठचा आकडा बघून समाधान मानत होते. मशीन जुनं, त्यावर चूक दाखवणारा पडदा नाही, लाल दिवा नाही. पाणी तापलं नाही तरी ते आपलं काम संपवून शहाण्यासारखी शिटी वाजवायचं.

खरं सांगते, मला हायसं वाटलं. मशीन बिघडलंय! बिघडलेल्या वस्तूचं काय करायचं हे मला कळतं.

आधी खात्री करायची होती. मी घरातला गीझर, फ्रिज, बाबांच्या खोलीतला हीटर, सगळं बंद केलं. आमच्या मजल्यावरच्या मीटरची पेटी दाराबाहेर पॅसेजमध्ये आहे. वीज जितकी जास्त ओढली जाते तितका मीटरवरचा लाल ठिपका भरभर लुकलुकतो. पाणी तापवायला भरपूर वीज लागते, म्हणजे हीटर चालू झाला की ठिपका नुसता धावायला हवा.

"बाबा, तुम्ही मीटरपाशी उभे राहाल? ठिपक्याचा वेग वाढला की मला ओरडून सांगा."

काम मिळाल्याने बाबा खूष झाले. मफलर गुंडाळून पॅसेजमध्ये उभे राहिले. मी मशीन रिकामं लावलं. आत पाणी भरलं, ड्रम फिरू लागला.

"आहे तेवढाच!" बाबा बाहेरून ओरडले. मग दहा मिनिटांनी, "अजून तेवढाच!"

वीस मिनिटांनी मी बाहेर गेले. बाबा पेटीच्या उघड्या लोखंडी दाराला पाठ घासत उभे होते, डोळे मीटरवर.

"थंडी वाजतेय का? आत या."

"नाही, नाही. ठीक आहे." ते सरळ झाले. "हीटर लागतच नाहीये तुझा. बिल्कुल नाही."

सर्व्हिसवाल्यांनी मंगळवार दिला. सोमवारभर मी कारखान्यात असून नसल्यासारखी होते. मुलीला दोनदा फोन केला. तिने उचलला नाही. 'मशीन खराब होतं, पाणी तापतच नव्हतं' असा मेसेज टाकला. तिचं उत्तर आलं, 'ओके.' तेवढंच.

मंगळवारी मेकॅनिक आले. साठीकडे झुकलेले, केस मेंदीने लाल केलेले, बोलण्यात घाई नसलेले. मशीनभोवती एक फेरी मारून त्यांनी हिंदीत विचारलं, "मॅडम, दिल्ली में गरम पानी में कौन धोता है? बाल्टी में गरम करके ऊपर से डाल दीजिए."

"नहीं भैया," मी म्हटलं, "मुझे साठ ही चाहिए."

त्यांनी खांदे उडवले, प्लग काढला, मशीन पुढे ओढलं आणि मागचं पत्र्याचं झाकण उघडलं. ड्रमच्या खालच्या अंगाला हीटरची कॉइल असते. ती त्यांनी दोन्ही हातांनी हलवत हलवत बाहेर ओढली. मी बघतच राहिले. बोटाएवढी बारीक कॉइल पांढऱ्या खरखरीत थरात इतकी गाडली गेली होती की तुटलेल्या प्रवाळासारखी दिसत होती. एका जागी ती फुटलेलीच होती.

"ये गुड़गाँव का पानी है," ते म्हणाले. जणू पाणी म्हणजे एखादा बदनाम नातेवाईक.

गाडीतून त्यांनी नवी कॉइल आणली, बसवली, वायरी जोडल्या. बाबा जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढून, मशीन होतं त्या मागच्या बाल्कनीच्या दारात बसले होते आणि सगळं बघत होते. मशीन चालू केलं. आम्ही तिघं वाट बघत थांबलो. पंधरा मिनिटांनी मी काचेला हात लावला.

गार.

"तो फिर बोर्ड गया," मेकॅनिक म्हणाले. "बोर्ड बदलना पड़ेगा. मंगवाना पड़ेगा, दस-बारह दिन."

दहा-बारा दिवस! मला तिथल्या तिथे कमरेला इतका कंड सुटला की मी पाठमोरी होऊन भिंतीशी जाऊन खाजवून आले. मग म्हटलं, "बोर्ड गया, ये कैसे पता? बाकी सारे प्रोग्राम चलते हैं. आपने कॉइल के सिरे पर तार देखा. पर वो तार जहाँ से निकलता है, वहाँ देखा क्या?"

"मॅडम, पच्चीस साल से..."

"पच्चीस साल से मैं भी यही कर रही हूँ, भैया. एक बार देख लेते हैं."

 त्यांनी पुन्हा प्लग काढला, वरचं झाकण उघडलं आणि मला म्हणाले, "टॉर्च पकड़िए." मी टॉर्च धरला. आम्ही दोघं त्या मशीनच्या पोटात डोकं घालून एकेक वायर बोटांनी चाचपत गेलो. तिसऱ्या की चौथ्या वायरीला ते थांबले. बोर्डाच्या कडेला जिथे ती जाड वायर बसते, तिथलं पांढरं प्लास्टिक तपकिरी झालं होतं. त्यांनी जरा ओढली आणि ती हातात आली. टोक काळं पडून ठिसूळ झालं होतं.

"यहाँ जल गया," ते हळू म्हणाले. "ढीला था. सालों से ढीला होगा."

त्यांनी जळकं टोक कापलं, वायर सोलली, नवीन पितळी टोक दाबून बसवलं आणि हत्यारांतल्या छोट्या मीटरने तपासलं. या वेळी मशीन लावल्यावर बाबा न सांगता उठून पॅसेजमध्ये गेले. काही मिनिटांतच त्यांचा आवाज आला, "धावतोय! अगं, धावतोय ठिपका!"

काचेवर हात ठेवला तर आधी काही नाही, मग कोमट, मग अर्ध्या तासाने हात ठेवता येईना. आतून काच वाफेने धुरकटली. मला हसू आलं आणि रडूही. मेकॅनिक हत्यारं पुसत होते. त्यांनी सहज विचारलं, "वैसे इतना गरम किसलिए चाहिए, मॅडम?"

मी पटकन म्हटलं, "पिताजी की चादरें हैं. बुजुर्ग आदमी हैं, ऑपरेशन हुआ था."

बोलताना मला काहीच वाटलं नाही. बाबा दारात उभे होते. त्यांनी मफलर सोडला, पुन्हा गुंडाळला.

"खुजली है," ते मेकॅनिकला म्हणाले. "मुझे है. अस्पताल से आया तब से."

मी म्हटलं, "बाबा, काय बोलताय?"

"खरं तेच बोलतोय." आता ते मराठीत, माझ्याकडे बघून. "हॉस्पिटलातच लागली असणार. शेजारच्या खाटेवरचा माणूस दिवसभर खाजवत असायचा. घरी आल्यावर मला वाटलं, म्हातारपणाची कातडी आहे, कोरडी पडलीय. खोबरेल लावत होतो."

"सप्टेंबरपासून?"

"दिवाळीत पोरगी इथे होती. माझ्याच रजईत पाय घालून सिनेमे बघायची." ते थांबले. "तिचं मनगट बघितलं तेव्हाच मला कळलं."

मेकॅनिकना मराठी येत नव्हतं, पण बाबांचं पहिलं हिंदी वाक्य त्यांना कळलं होतं. त्यांनी वर केलेल्या बाह्या खाली ओढल्या, बटणं लावली. मग मला विचारलं, "मैं हाथ धो लूँ?" मी त्यांना बेसिन दाखवलं. साबणाने कोपरापर्यंत हात धुताना ते म्हणाले, "शर्म की बात नहीं है, बाऊजी. हमारे यहाँ तो पूरे मोहल्ले को हुई थी." पण ते चहाला थांबले नाहीत. त्यांना मी दोष देत नाही. मीच बसमध्ये कितीतरी दिवस गप्प बसले होते.

ते गेल्यावर मी बाबांसमोर बसले. रागाने बोलायचं होतं, पण निघालं भलतंच. "आणि क्रीम? ते तर लावलंत ना?"

"लावलं की."

"सगळीकडे?"

"हाताला, पोटाला, पायांना. जेवढं पोचतं तेवढं."

"आणि पाठ?"

बाबा खिडकीकडे बघू लागले. "पाठीला कसा हात पोचणार? आणि तुला काय सांगणार, पोरी. तू सकाळी सहाला बसला जातेस."

मी पाच वेळा 'का' विचारणारी बाई. कपड्यांच्या याद्या केल्या, पिशव्या बांधल्या, ठिपके मोजायला त्यांनाच उभं केलं. एकाही यादीत मी बाबांची पाठ लिहिली नव्हती. त्यांना कधी विचारलंही नव्हतं, तुम्हाला खाजतंय का.

संध्याकाळी त्यांनी आंघोळ केली. मी खोलीत हीटर लावला. ते शर्ट-बनियन काढून पलंगाच्या कडेवर, माझ्याकडे पाठ करून बसले. मी मोठी झाल्यापासून माझ्या वडिलांची उघडी पाठ बघितली नव्हती. ती इतकी लहान असेल असं मला वाटलं नव्हतं. खांद्याच्या पात्यांवर, कमरेवर, काखेखाली सगळीकडे खाजवल्याचे लांब ओरखडे, जुने काळपट, नवे लाल. त्यातले काही नखांचे नव्हते. दाराच्या चौकटीचे असावेत. मी बोटांवर क्रीम घेतलं आणि मानेपासून सुरुवात केली. पहिला हात लावला तेव्हा ते दचकले.

"गार आहे," ते म्हणाले.

"चोळून गरम होईल."

दोघांनाही अवघडल्यासारखं होत होतं. मग ते बोलायला लागले, आर. के. पुरमच्या गच्चीवर उन्हाळ्यात आम्ही खाटा टाकून झोपायचो त्याबद्दल, शेजारच्या तामिळ बाई माझ्या घामोळ्यांना काय लावायच्या त्याबद्दल. मी "हो, हो" करत राहिले. कमरेपर्यंत आल्यावर ते थांबले आणि म्हणाले, "त्या दिवशी तू तिला बोललीस तेव्हा मी दारात आलो होतो."

"माहीत आहे."

"बोलायलाच आलो होतो. जमलं नाही. तू इतकी चिडली होतीस. मला वाटलं, आता मलाही पिशवीत बांधून बाल्कनीत ठेवशील."

ते थट्टेत म्हणाले असावेत. मला हसायला आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी मानेसरहून घरी न येता मधेच बसमधून उतरले, मेट्रो घेतली आणि मुनिरकाला गेले. याआधी मी तिची खोली एकदाच, सामान पोचवताना बघितली होती. गल्ली इतकी अरुंद की वरच्या वायरींच्या जाळ्यातून आभाळ दिसत नव्हतं. समोरून स्कूटर आली की भिंतीला चिकटून उभं राहावं लागे. चौथा मजला, लिफ्ट नाही. वर पोचेपर्यंत मला दम लागला आणि मी दार वाजवण्याआधी जिन्यातच थोडी थांबले.

दार मुलीनेच उघडलं. मला बघून ती बाजूला झाली, "ये" म्हणाली नाही.

खोलीत तीन गाद्या भिंतीला उभ्या लावलेल्या होत्या. फरशी फिनाइलने पुसलेली, ओली. खिडकीपासून दारापर्यंत दोरी बांधलेली, तिच्यावर चादरी. कोपऱ्यात प्लास्टिकची बादली, तिच्यात पाणी तापवायचा रॉड, पाण्यातून वाफा. एक मैत्रीण काठीने बादलीतले उशीचे अभ्रे ढवळत होती. मला बघून ती "नमस्ते आंटी" म्हणाली आणि शेजारच्या खोलीत निघून गेली.

"किती दिवस करताय हे?" मी विचारलं.

"पहिल्यापासून. दर दोन दिवसांनी." ती अभ्रे ढवळायला लागली. तिचे हात लाल झाले होते, गरम पाण्याने की खाजेने, कळत नव्हतं.

मी तिला सगळं सांगितलं. कॉइल, वायर, हॉस्पिटल, रजई, आजोबांची पाठ. ती माझं बोलणं तोडत नव्हती, पण वरही बघत नव्हती. आजोबांच्या पाठीचं सांगताना मात्र तिचा हात थांबला.

"आजोबांना सप्टेंबरपासून खाजतंय? एकट्याला?"

"हो."

"आणि त्यांनी कुणालाच..." तिने काठी बादलीला टेकवली. "मी त्यांच्या रूममध्ये रोज बसायचे यार, दिवाळीत."

"मी चुकले," मी म्हटलं. "तुला जे बोलले ते मी बोलायला नको होतं."

"तू विचारलंच नाहीस, आई. तू सांगितलंस." तिने रॉडचा प्लग काढला. "तू नेहमी असंच करतेस. तुला आधीच माहीत असतं."

 मी पर्स बाजूला ठेवली, बाह्या वर केल्या आणि अभ्र्याचं दुसरं टोक धरलं. आम्ही दोघींनी ते पिळलं. पाणी इतकं कढत होतं की दोघींच्या तोंडून एकदम "आई गं" निघालं. तेवढ्यानेही ती हसली नाही, पण पुढचा अभ्रा तिने माझ्याकडे दिला.

पुढच्या शनिवारी ती आली. आम्ही तिघांनी एकाच संध्याकाळी क्रीम लावलं. मी बाबांच्या पाठीला लावलं, मुलीने माझ्या पाठीला, मी तिच्या. फोनवर नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, मी कुणाकडून लावून घेऊ? आठवड्याने पुन्हा तोच कार्यक्रम. कामवाल्या बाईंना मी खरं काय ते सांगितलं आणि त्यांच्या घरच्यांसाठीही क्रीम दिलं. त्या म्हणाल्या, "दीदी, मुझे तो पता था. व्हायरल में कोई सोफ़ा नंगा करता है?"

खाज मात्र लगेच गेली नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या की किडे मेल्यावरही काही आठवडे कंड राहतो, अंग विसरायला वेळ घेतं. तो काळ फार वाईट गेला. प्रत्येक खाजेला मी विचारायचे, ही जुनी की नवी? मध्येच उठून दिव्याखाली बोटं फाकवून बघायचे. बाबा सकाळी चहा घेताना मला म्हणायचे, "आज दोनदाच," आणि मी म्हणायचे, "माझं पाच वेळा." फेब्रुवारी संपता संपता एक दिवस माझ्या लक्षात आलं की मी अख्खी मीटिंग दोन्ही हात टेबलावर ठेवून बसले होते.

मुलगी आता पूर्वीसारखी दर शनिवारी येते, पण कपडे आणत नाही. पहिल्यांदा मी विचारलं तर म्हणाली, "तिथेच धुतो आम्ही, सवय झाली." मी पुढे काही विचारलं नाही. मागच्या आठवड्यात ती आली, तडक बाबांच्या खोलीत गेली आणि दार अर्धवट लोटून घेतलं. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते. आतून तिचा आवाज आला, "आजोबा, शर्ट काढा, बघू द्या." मग बाबांचा, जरा लाजल्यासारखा, "अगं, आता काही नाही." आणि मग दिव्याचं बटण दाबल्याचा आवाज. मी लाटणं हातात धरून तशीच थांबले होते.

"क्लीन आहे," शेवटी ती आतूनच ओरडली, माझ्यासाठी.